टोपीखालची सुई

नाकं चोंदलेल्या माणसांच्या जिवावर मी तीस वर्षं संसार केला. जळगावात माझा अॅक्युपंक्चरचा दवाखाना होता आणि दर गुरुवारी मी धुळ्याला जात असे. तिथे मेव्हण्याच्या औषधांच्या दुकानामागे मला एक खोली मिळाली होती. दोन खाटा, एक पंखा आणि खिडकीबाहेर बांधलेली शेजाऱ्यांची शेळी, एवढा त्या दवाखान्याचा थाट. लोक मला 'सुयावाले डॉक्टर' म्हणत. हा धंदा खानदेशात चालणार नाही, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं, सासऱ्यांनी तर दोनदा.

पण खानदेशात नाकाला काम भरपूर. डाळ मिलचा कोंडा, जिनिंगमधला कापूस, मिरचीची खळी आणि उन्हाळ्यातली धूळ. एखाद्याचं नाक पहाटेपासून सुरू झालं की दुपारपर्यंत थांबायचं नाव नाही. गोळ्या खाऊन झोप येते, झोप आली की कामावर बोलणी बसतात, मग शेवटचा उपाय म्हणून मंडळी माझ्याकडे येत. म्हणजे माझ्याकडे येणारा माणूस मुळात वैतागलेला आणि त्यात मी त्याला सुया दाखवायच्या.

सुई केसापेक्षा जराशीच जाड. तिच्यात औषध नसतं. नाकपुड्यांच्या दोन बाजूंना एकेक, भुवयांच्या मधे एक, दोन्ही हातांवर अंगठ्याच्या बेचक्यात एकेक आणि टाळूवर एक. टाळूवरची सुई उभी नसते, कातडीखालून आडवी सरकवायची, केसांत दिसतही नाही. मग वीस मिनिटं पडून राहायचं. बऱ्याच जणांचं नाक सुया असतानाच मोकळं होतं, काहींना दहा खेपा लागतात, काहींना काडीचा फरक पडत नाही. अॅलर्जी मुळापासून जाते, असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. हे सगळं का होतं, ते कलकत्त्याला माझ्या गुरुजींनी मला तीनदा समजावलं आणि मी तीनदा मान डोलावली.

सुईत औषध नाही याचा लोकांना फार राग येई. एक शेतकरी म्हणाले, "निदान कशात तरी बुचकळून तरी टोचा." एका मावशींना नाकापेक्षा ते लाल रंगाचं ताकदीचं इंजेक्शन हवं होतं आणि ते मी देत नाही म्हटल्यावर त्यांनी माझी पदवी भिंतीवरून काढून जवळून पाहिली. जळगावचे एक डाळ मिलवाले शेठ मात्र पहिल्या दिवसापासून खुश. ते सुया लावून पडलेले असताना त्यांचा एक दलाल त्यांना शोधत आला, त्याने पडदा सरकवला, शेठच्या तोंडावरच्या सुया पाहिल्या आणि "सेठजी, मैं बाद में आता हूँ" म्हणून जिना उतरला. दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी, शेठनी कसलं तरी कडक व्रत धरलंय. शेठ म्हणाले, राहू द्या डॉक्टर, खोडून काढू नका, बाजारात वजन वाढलंय.

या धंद्यात एकच महापाप आहे. सुई विसरणं. मी रुग्णाच्या उशाशी पितळी वाटी ठेवायचो, घालताना मोठ्याने मोजायचो, काढताना वाटीत टाकत मोजायचो आणि दुपारी सगळ्या सुया कुकरमध्ये उकळायला टाकण्याआधी पुन्हा मोजायचो. या मोजणीचा मला एवढा गर्व की लग्नकार्यात ओळख झालेल्या माणसालाही मी तो ऐकवत असे. माझ्या हातून सुई विसरली नाही म्हणजे नाही. तर ते खोटं आहे. एकदा विसरली. ज्यांच्या डोक्यात विसरली ते आबा आता नाहीत आणि त्यांच्या लेकीने लिहायला परवानगी दिली आहे.

आबा पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातले. कापूस आणि मिरची लावायचे. उंच, वाळके, डोक्यावर कायम पांढरी टोपी; पांढरी म्हणजे मूळची. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. पहिल्यांदा आले ते खाटेवर न बसता माझ्यासमोर उभेच राहिले.

"डॉक्टर, मनी पोरनं लगीन मना नाकमुळे अडकेल शे."

पोरीचं लग्न नाकामुळे कसं अडेल? मी म्हटलं, बसा आणि नीट सांगा.

त्यांची मुलगी सुनंदा डी.एड. झालेली, गावच्या शाळेत शिकवत होती. तिची दोन स्थळं सुपारी फोडण्यापर्यंत आली आणि तिथेच मोडली. दोन्ही वेळा ऐन सुपारीच्या क्षणी आबांना शिंक आली. सुपारी फोडताना मुलीच्या बापानेच शिंकावं, याहून मोठा अपशकुन आमच्या भागात नाही. पहिले पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्यांनी चहा घेतला आणि मग उठले.

"बाकी येळले कितल्या बी येवोत," आबा म्हणाले, "पन सुपारीना टाइमलेच कसाले येस?"

याचं उत्तर मला कलकत्त्याला शिकवलेलं नव्हतं. नाक पाहिलं तर खरोखरच बिघडलेलं होतं, आतून सुजलेलं, मिरचीच्या खळ्यावर आयुष्य काढलेलं. मी सुया सुरू केल्या. आबा दर गुरुवारी पहिल्या एसटीने यायचे. "सुई कोरडी शे, पन चालस," असं त्यांनी दुसऱ्या खेपेला प्रमाणपत्र दिलं. टोपी तेवढी ते पटकन काढत नसत. त्या पिढीला बोडक्या डोक्याने परक्यासमोर बसणं म्हणजे लाजच. टाळूवरच्या सुईसाठी काढावी लागे, ती ते छातीवर धरून पडून राहायचे आणि माझा हात बाजूला होताच पुन्हा डोक्यावर चढवायचे.

तीन महिन्यांत नाक बरंच मोकळं झालं आणि तेवढ्यात तिसरं स्थळ आलं. मुलगा दीपनगरला वीज केंद्रात ऑपरेटर, राहायला कॉलनीत, निर्व्यसनी. पण मुलाचे काका, नाना, शकुन-अपशकुनाचे कट्टर. आधीच्या शिंका त्यांच्या कानावर गेल्या होत्या. त्यांनी मध्यस्थाबरोबर सरळ निरोप धाडला: या वेळीही शिंक आली, तर आम्ही उठू. वाईट वाटून घेऊ नका.

सुपारी ठरली गुरुवारी, दुपारी तीनला. आबा सकाळीच धुळ्यात हजर. "आज पक्कं काम करा, डॉक्टर." मी सहा सुया लावल्या. काढताना मी एरवी टाळूपासून सुरुवात करतो. त्या दिवशी आबांना साडेदहाची एसटी धरायची होती, त्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडे, म्हणून मी चेहऱ्यापासून सुरुवात केली. चेहऱ्याच्या झाल्या, हाताच्या झाल्या, तेवढ्यात मेव्हण्याने पुढून हाक मारली, जळगावहून ट्रंककॉल. बायको विचारत होती, दवाखान्याचा कुकर समजून घरचा कुकर धुळ्याला नेलात का? नेला होता. त्यावर जे बोलणं झालं ते संपवून मी परत आलो, तर आबा टोपी घालून, चपला घालून दारात. "या तुम्ही, डॉक्टर. तीनले." आणि गेले.

बारा वाजता मी सुया मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या. खाटेखाली पाहिलं, चादर झटकली, शेळीकडेही संशयाने पाहिलं. मग एकदम ती टोपी डोळ्यांपुढे आली. टाळूवरची सुई तिच्याखालीच राहिली होती.

सुई आडवी होती, जिवाला धोका नव्हता. पण सुपारीच्या वेळी काय काय होतं ते आठवा. पाहुणे मुलीच्या बापाला टॉवेल-टोपी देतात. म्हणजे जुनी टोपी काढून नवी डोक्यावर घालतात आणि चांगली दाबून बसवतात. जुनी टोपी ओढताना सुई कापडात अडकली किंवा नवी दाबताना आत रुतली, तर आबा ओरडणार, केसांतून रक्त येणार. शिंकेवर उठणारे नाना रक्त पाहून थांबतील होय? आबांच्या पोरीचं लग्न तिसऱ्यांदा मोडलं असतं, आणि या खेपेला आबांच्या नाकामुळे नाही, तर माझ्यामुळे.

मेव्हण्याची स्कूटर घेतली आणि निघालो. ती दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायला कुरकुरत असे, म्हणून बराचसा रस्ता मी दुसऱ्यातच कापला. गावात पोचलो तेव्हा मी केसांपासून बुटांपर्यंत धुळीचा झालो होतो. इथे एक व्यवसायातलं गुपित सांगतो. धुळीची अॅलर्जी मला स्वतःला होती. दवाखान्यात हे मी कुणाला कळू देत नसे. उपाशी आचाऱ्याच्या खानावळीत कोण जेवेल?

ओसरीवर बैठक भरली होती. आबा पाटावर, समोरच्या पाटावर नाना, कडेने दोन्हीकडची मंडळी. मला पाहून आबांचा चेहरा फुलला. "डॉक्टर उनात! पुढे या, पुढे या." मला थेट त्यांच्या शेजारी बसवलं. आबांच्या डोक्यावर सकाळचीच टोपी. मागे दाराशी उभ्या असलेल्या अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, मला बघून कुजबुजल्या, "सकायपासून सांगस, ती मयकट टोपी बदला. आयकतच नही."

मी आबांच्या कानाशी लागलो. "आबा, दोन मिनिटं आत चला."

"आते उठता येत नही, डॉक्टर. सुपारी फुटस तोवर पाट सोडाना नही."

आणि नानांनी ताटातली नवी टोपी उचलली.

मी उभा राहिलो. का आणि कसा, ते मला आजही सांगता येणार नाही. "थांबा नाना," मी म्हणालो, "आमच्यात जुनी टोपी वैद्याच्या हाताने उतरवतात."

नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणात आहे ही पद्धत?"

"आमच्यात."

धुळीने माखलेला माणूस एवढ्या ठामपणे बोलतोय म्हणजे असेल बुवा. मी आबांच्या मागे गेलो, ताटातला नवा टॉवेल त्यांच्या डोक्यावर आडोशासारखा धरला, टोपी अलगद वर उचलली, बोटांनी चाचपडलं, आणि सापडली. जशीच्या तशी. एका झटक्यात काढली, अंगठ्याने जागा दाबली, एक, दोन, तीन. रक्ताचा टिपूस नाही. सुई मी स्वतःच्या कॉलरीत खोचली. नानांनी नवी टोपी घातली, दाबून बसवली, आबा हसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर शस्त्रक्रिया आणि टाळ्या वाजवायला कुणीही नाही.

मी सुटकेचा श्वास घेतला. खोल घेतला. तोच चुकलो. कारण आबांची जुनी टोपी अजून माझ्या हातात, छातीशी होती आणि त्या टोपीत मिरचीच्या खळ्यावरची अख्खी सुगी साठली होती.

मी शिंकलो. असा शिंकलो की ताटातल्या अक्षता उडाल्या.

नानांचा सुपारीवर उगारलेला बत्ता वरच राहिला. शिंक मुलीच्या बापाची नव्हती, हे खरं. पण बापाचा डॉक्टर म्हणजे घरचाच माणूस. पाहुण्यांतल्या दोघांनी चपलांकडे पाहायला सुरुवात केली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा पाहुण्यांतल्याच एक म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "एकटी शिंक वाईट. जोडीची आली तर दोष जातो."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नाक चोळलं, उन्हाकडे पाहिलं, टोपीत तोंड खुपसलं. काही नाही. मग सगळ्यांच्या नजरा आपोआप आबांकडे वळल्या. पंचक्रोशीत शिंकेसाठी त्यांच्याइतकं नावाजलेलं दुसरं कोण होतं? आबांनी मान वर केली, डोळे मिटले, तोंड उघडलं. सगळी बैठक त्यांच्याबरोबर श्वास रोखून बसली. आबांनी श्वास घेतला, तो सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. मोकळा, स्वच्छ, वाऱ्यासारखा. कुणीतरी तपकिरीची डबी पुढे केली. आबांनी चिमूट भरून ओढली. नाकाने हूं की चूं केलं नाही. माझ्या उपचाराला इतकं यश त्याआधी कधी आलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही, आणि मी तिथे उभा राहून देवाकडे मागत होतो की एकदा, फक्त एकदा, हे नाक बिघडू दे.

नानांनी बत्ता खाली ठेवला. "येतो आम्ही," ते हळू म्हणाले. "माणसं चांगली आहात. पण..."

त्यांना पुढचं बोलता आलं नाही. स्वयंपाकघरातून एक झणका आला. नुसता झणका नव्हे. गरम तेलात मूठभर सुक्या लाल मिरच्या पडल्यावर येतो तो, घशाला चाटून जाणारा. ओसरीवर धूर पसरला. पहिल्यांदा आत्याबाई शिंकल्या. मग मध्यस्थ. मग नवरदेव, तीनदा, तोंडावर रुमाल धरून. मग नाना सुरू झाले ते थांबेचनात. पाच मी मोजल्या, पुढे माझ्या स्वतःच्या सुरू झाल्या. दारातल्या अक्का शिंकत होत्या, अंगणातली पोरं शिंकत होती, आणि या सगळ्यात एकटे आबा पाटावर ताठ, कोरडे, नवी टोपी घालून सगळ्यांकडे आश्चर्याने पाहत बसले होते.

नानांनी उपरण्याने डोळे पुसले. "आता या मोजायच्या कुणी?" असं म्हणून त्यांनी बत्ता उचलला आणि सुपारी फोडली.

मग काय, गूळ वाटला, जेवणं झाली. शेवभाजी होती, वरण-बट्टी होती, मी कमरेचा पट्टा सैल केला. हात धुवायला मागच्या दारी गेलो तर चुलीपाशी सुनंदा. डोळे लाल, नाक लाल, आणि हसू दाबून दाबून गाल फुगलेले.

"फोडणी जोरदार होती," मी म्हणालो.

"फोडणीच नव्हती ती, काका. नुसतं तेल आणि मिरच्या. तुम्ही शिंकलात, मग मी काय करणार?"

"बरं सुचलं तुला."

ती थोडी घुटमळली. मग पदराने कढई उतरवत म्हणाली, "सुचायला काय, हात बसलेला होता. आधीच्या दोन्ही वेळांना मीच टाकल्या होत्या. चार-चारच, चुलीच्या कडेला, आबांच्या पाटाकडे धूर जाईल अशा. पहिला म्हणाला होता, लग्नानंतर शाळा बंद. दुसरा तर काहीच बोलला नव्हता, सगळं त्याची आईच बोलत होती. मला नाही म्हणता येत नव्हतं, काका. आबांना मात्र शिंक येते हे मला माहीत होतं. दोनदा स्थळ घालवायला मिरच्या टाकल्या, आणि आज मनासारखं आलेलं राखायला."

मी तिथेच पाण्याच्या हंड्यावर टेकलो आणि हसत सुटलो. तीही हसत होती. तीन महिने मी ज्या रोगावर सुया लावत होतो तो चुलीपाशी बसून पोळ्या लाटत होता.

निघताना आबा स्कूटरपर्यंत आले. मागे अक्का, त्यांच्यामागे शिदोरीचा डबा घेऊन सुनंदा. आबांनी माझा हात धरला. "माले माहीत व्हतं सुई शे ते. येष्टीमा हात लागना तवय समजनं. पन तुम्ही राहू दिधी म्हनजे कामनीच व्हई, म्हनीसन टोपीच काढी नही."

म्हणून ती मळकट टोपी. तो माणूस सकाळपासून बायकोची बोलणी खात, पाहुण्यांसमोर मळक्या टोपीत, डोकं न खाजवता बसला होता, कारण डॉक्टर चुकेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. चूक झाली हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. नंतरही नाही. याची मला लाज वाटते, आणि ती इथे लिहून थोडी कमी झाली तर बरं.

आबांचे डोळे भरून आले होते, धूर तर कधीच विरला होता. "मना नाकमुळे दोन स्थळं गयात, डॉक्टर. दोन वरीस पोरना तोंडकडे देखाले हिंमत नही व्हती."

माझं हसू जागच्या जागी विझलं. मागे सुनंदाचंही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. निदान एवढं तरी खरं बोलावं म्हणून म्हणालो, "आबा, नाकाचा दोष नव्हता. तुमच्या नाकाचा कधीच दोष नव्हता."

आबा वळले आणि अक्कांना म्हणाले, "देख, डॉक्टर कितला भला मानूस शे. मना नाकनी बी अब्रू राखस."

सुनंदाने डबा माझ्या सीटवर ठेवला. मग ती आबांसमोर जाऊन उभी राहिली, काही बोलायला म्हणून. मी स्कूटर सुरू केली तेव्हा ती त्यांची नवी टोपी सरळ करत होती, मुळात सरळच असलेली, आणि आबा लहान मुलासारखे मान वाकवून उभे होते.